कुयाचा आवाज आणि मारिकिनाचे बूट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागे तुमच्या पुरवणीत रिअ‍ॅलिटी शो बघणाऱ्यांवर एक लेख आला होता, त्याचा सूर असा होता की हे शो सगळे परदेशी आणि ते बघणाऱ्याला आपल्या मातीचं काही पडलेलं नसतं. मी तो मोबाईलवर वाचला आणि दोन दिवस डोक्यातून गेलाच नाही, म्हणून लिहायला बसले. मी मूळची साताऱ्याची, पण लग्न करून फिलिपिन्सला आले त्याला आता सतरा वर्षं होतील, नवरा फिलिपिनो, मुलं फिलिपिनो, आणि आता कोणी विचारलं तर मी पण स्वतःला फिलिपिनोच म्हणते. घर मारिकिनात, मनिलाच्या पूर्वेला.

आमच्या घरात २ गोष्टींवर फार जीव आहे. एक म्हणजे पिनॉय बिग ब्रदर, आपल्या बिग बॉससारखा इथला रिअ‍ॅलिटी शो, आणि दुसरी म्हणजे इथेच बनलेली वस्तू. आणि दोन्हीच्या मागे एकच बाई आहे, माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही नानाय म्हणतो.

शोचं सांगते आधी. हा २००५ पासून चालू आहे, मूळ हॉलंडचा, ते मान्यच. पण इथे आल्यावर लोकांनी त्या बिग ब्रदरला नावच दिलं कुया, म्हणजे आपला दादा. रिक्षावाला कुया, भाजीवाला कुया, तसाच घरातून फक्त ज्याचा आवाज येतो तो पण कुया, आणि आतली पोरं त्याच्याशी बोलताना वाक्याला 'पो' लावतात, आपण मोठ्यांना अहो-जाहो करतो तसं. मग तो परदेशी राहिला कुठे? इथे टोमॅटोऐवजी मारिया ओरोसा नावाच्या बाईंनी केळ्याचं केचप तयार केलं, आज ते घराघरात आहे, स्पॅगेटीवर पण तेच गोड केचप जातं आणि कोणी म्हणत नाही की हे बाहेरचं. शोचं पण तसंच झालंय असं मला वाटतं.

माझी जाऊ जनरल सँतोसची, तिकडे दक्षिणेला मिंडानाओत. तिची बोली बिसाया, मनिलात आल्यावर लोक तिच्या उच्चारांना हसायचे, ती दुकानात पण कमी बोलायची. आणि २०१० मध्ये तिच्याच गावची मेलाय कान्तिवेरोस तीच बोली, तेच उच्चार घेऊन शो जिंकली, अख्ख्या देशाने मतं दिली तिला. जाऊबाई त्या रात्री रडल्या होत्या, मी बाजूला बसले होते. तिकडे २०२४ ला बिग बॉस मराठी सूरज चव्हाणने जिंकलं तेव्हा मला हेच आठवलं, गावाकडचं बोलणं आहे तसं टीव्हीवर येणं ही लहान गोष्ट नाहीये हो.

आमच्याकडे चॅनलवरून पण दोन गट आहेत. नानाय जीएमएच्या, म्हणजे कपुसो, आणि नवरा एबीएस-सीबीएनचा, म्हणजे कपामिल्या. २०२० च्या मे महिन्यात एबीएस-सीबीएनचं लायसन संपलं आणि संसदेने नवीन दिलं नाही, हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्या दिवशी नानाय काही बोलल्या नाहीत, नवऱ्याला चहा करून दिला फक्त. आणि मग २०२५ ला शोमध्ये दोन्ही चॅनलची मुलं एकाच घरात आली, नवऱ्याच्या चॅनलचा हा शो जीएमएवर लागला, शेवटी जिंकले पण एकेका बाजूचे मिळून, मिका सालामांका आणि ब्रेन्ट मानालो. आमच्या घरात त्या रात्री पहिल्यांदा भांडण नव्हतं.

आता बुटांचं. मारिकिना ही इथली बुटांची राजधानी, १८८७ ला कापितान मोय यांनी हा धंदा इथे सुरू केला असं सांगतात. नानायच्या माहेरी घराच्या मागेच शेड होतं, बुटाला आकार द्यायचे लाकडी फर्मे टांगलेले, चामड्याचा वास. नंतर बाहेरून स्वस्त माल यायला लागला आणि गल्लीतली शेडं एकेक करून बंद पडली, त्यात २००९ च्या सप्टेंबरात ओन्दोय वादळाचा पूर आला, माझं लग्नानंतरचं पहिलंच वर्ष, आम्ही वरच्या मजल्यावर आणि खाली नानायच्या भावाचे फर्मे पाण्यावर तरंगत बाहेर चाललेले, ते मी विसरू शकत नाही. मामांनी परत धंदा उभा केला नाही. पर्यटक येतात ते जुन्या राष्ट्राध्यक्षांच्या बायकोचे, इमेल्डा मार्कोसचे बूट बघायला म्युझियममध्ये जातात, बरेच जण तसेच परत जातात, शेजारच्या दुकानातून एक जोड पण घेत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून मुलांचे शाळेचे बूट आम्ही मारिकिनाचेच घेतो, कॉफी बातांगासची बराको, कोणाकडे जाताना पासालुबोंग म्हणजे भेट म्हणून सेबूचे सुके आंबे नाहीतर बिकोलचे पिली नट. नवऱ्याने लग्नात घातलेला बारोंग, म्हणजे इथला समारंभाचा सदरा, आक्लानच्या पिन्याचा होता, अननसाच्या पानांच्या धाग्याचं हातमागाचं कापड, २०२३ ला युनेस्कोच्या यादीत गेलं ते. महाग पडतं, सगळ्यांना जमणार नाही, मला माहितीये. पण बूट, कॉफी, केचप एवढं तर जमतं. आणि एक सांगते, शोमधल्या पोरांचं गाव, आई काय करते, किती भावंडं हे सगळं आम्हाला पाठ असतं, तसंच नानायला कुठला जोड कोणत्या गल्लीत कोणी शिवला तेही पाठ असतं, मतं पण त्या तशीच देतात आणि खरेदी पण तशीच करतात.

तर माझी एक विनंती आहे. दिवाळीत मी साताऱ्याला येतेय आणि नानायसाठी कोल्हापुरी चपलांचा जोड न्यायचाय. ज्याच्या बनवणाऱ्याचं नाव सांगता येईल असा, हाताने शिवलेला. तुमच्या वाचकांपैकी कोल्हापूरकडच्या कोणाला असा कारागीर माहीत असेल तर पत्राच्या सदरात जरूर कळवा, कारण नानाय चप्पल हातात घेतली की आधी उलटी करून टाके बघणार आणि मग विचारणार, कोणी केली ही?

आपली,
एक वाचक, मारिकिना, फिलिपिन्स