पाटीवरचे दोन शब्द आणि जमिनीचा भाव

संपादक, स.न.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या फोर्ट स्नेलिंग किल्ल्यावरचा लेख वाचला. छान आहे, पण किल्ल्याच्या पाटीवर ‘अ‍ॅट बडोटे’ (म्हणजे ‘बडोटेपाशी’) जोडलं म्हणजे इतिहास पुसला हा सूर काही पटला नाही. अहो, हा किल्ला आधी फोर्ट सेंट अँथनी होता, १८२५ मध्ये तो बांधून घेणाऱ्या कर्नल स्नेलिंगचं नाव त्याला मिळालं, तेव्हा काय पुसलं गेलं? आणि बडोटे हे तर मिसिसिपी-मिनेसोटा नद्यांच्या तिथल्या संगमाचं, मूळनिवासी डकोटा लोकांनी दिलेलं नाव, किल्ल्याच्या कितीतरी आधीचं.

खरी गोष्ट जमिनीची आहे आणि लेखात तिचा उल्लेखच नाही. १८०५ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या लेफ्टनंट पाइकने या जमिनीसाठी डकोटांशी करार केला, सात डकोटा प्रमुखांपैकी सह्या फक्त दोघांच्या, आणि रकमेची जागा चक्क कोरी! पाइकच्याच अंदाजाने जमीन दोन लाख डॉलरची, १८०८ मध्ये अमेरिकी सिनेटने त्या कोऱ्या जागेत भरले २,००० डॉलर. एकरी एक-दोन सेंट पडले असतील, आपल्याकडे असा सातबारा कोणी ऐकून घेतला असता का? पुढे अमेरिका आणि डकोटा यांच्यातल्या १८६२च्या युद्धानंतर हिवाळाभर याच किल्ल्याखाली सुमारे १,६०० डकोटा, बहुतेक बायका-मुलं-म्हातारे, कुंपणात डांबले होते आणि शेकड्याने मेले असं म्हणतात.

तरी २०१९ला या दोन शब्दांवरून मिनेसोटा राज्याच्या सिनेटमध्ये, किल्ला सांभाळणाऱ्या तिथल्या इतिहास संस्थेचं बजेट कापायची भाषा झाली. लेखकाने तटबंदीचे फोटो भरपूर दिलेत, त्या कराराला चार ओळी मिळायला हव्या होत्या.

– एक वाचक, पुणे