समुद्राच्या जुन्या तापमानाचा आकडा छापताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामानबदलाच्या बातम्यांत ‘शास्त्रज्ञांनी वीस हजार वर्षांपूर्वीचे समुद्राचे तापमान मोजले’ असे वाक्य अधूनमधून वाचायला मिळते. ‘मोजले’ हा शब्द तिथे चुकीचा आहे. प्रयोगशाळेत मोजतात ते गाळातल्या सूक्ष्म कवचांतले मॅग्नेशियम, किंवा ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण. तापमान त्यावरून काढलेले असते. हा फरक बातमीत गळला की वाचकांत दोन तट पडतात. काहींना सगळेच अंदाजपंचे वाटते. काहींना आकडा थर्मामीटरवर वाचल्यासारखा पक्का वाटतो आणि ते तो थेट गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याशी जोडून पाहतात. दोन्ही समज घातक आहेत. म्हणून हे पत्र, थोडे लांबले तरी.

ही कवचे फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवांची. समुद्राच्या वरच्या थरात तरंगणारा असा जीव काही आठवडे जगतो, पाण्यातला चुना घेऊन कवच बांधतो आणि मेल्यावर ते तळाला जाते. अरबी समुद्राच्या तळातून काढलेला दहा ग्रॅम गाळ पाण्यात भिजवून ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर धुतला की चिकणमाती वाहून जाते आणि उरते ती पांढरट रेती. ती मंद आचेच्या ओव्हनमध्ये पन्नासेक अंशांवर वाळवायची. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्यातला मोठा भाग कवचांचाच असतो. एक नमुना धुऊन झाला की चाळणी मिथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवतात. जाळीत अडकून राहिलेले कवच निळे होते, पुढच्या नमुन्यात दिसले की लगेच ओळखू येते आणि बाजूला काढता येते. ही साधी सवय मोडली, तर दहा हजार वर्षांपूर्वीच्या नमुन्यात वीस हजार वर्षांपूर्वीचे कवच शिरते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

मग निवड. उष्ण कटिबंधातल्या पृष्ठभागाच्या पाण्यासाठी ‘ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर’ ही जात वापरतात: शेवटच्या वेढ्यात तीन गोल कप्पे, मुख्य कमानीसारख्या तोंडाशिवाय वरच्या बाजूला आणखी दोन छोटी छिद्रे. २५० ते ३५५ मायक्रॉन आकाराचीच कवचे घेतात, कारण वाढत्या वयाबरोबर कवचाचे रसायन बदलते. लहानमोठी एकत्र केली तर आकडा हलतो. ओल्या केलेल्या बारीक ब्रशच्या टोकाने एकेक कवच उचलून काळ्या पट्टीवर ठेवायचे. मॅग्नेशियमसाठी अशी तीस-चाळीस लागतात. या जातीचा गुलाबी प्रकारही आहे. तो हिंदी आणि प्रशांत महासागरांतून सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वी नाहीसा झाला. अटलांटिकमध्ये आजही आहे. त्यामुळे अरबी समुद्राच्या गाळात खाली जाताना गुलाबी रुबर दिसू लागले की त्या थराचे वय १,२०,००० वर्षांपेक्षा जास्त, हे यंत्राशिवाय कळते.

आता रसायन. पाणी जितके उबदार तितके मॅग्नेशियम कवचात जास्त बसते, एका अंशामागे साधारण नऊ टक्के. बर्म्युडाजवळच्या सरगासो समुद्रात सापळे लावून गोळा केलेल्या कवचांवरून २००३ साली प्रसिद्ध झालेले समीकरण सर्रास वापरले जाते. त्यानुसार २७ अंशांच्या पाण्यातल्या कवचात दर मोल (अणूंच्या संख्येचे माप) कॅल्शियममागे ४.३ मिलिमोल मॅग्नेशियम, आणि २८ अंशांना ४.७. म्हणजे एक अंश ठरतो तो फक्त ०.४ मिलिमोलवर. अडचण अशी की चिकणमातीतही मॅग्नेशियम असते, आणि भरपूर. कवचाच्या कप्प्यांत माती अडकून राहिली तर ती ०.४ ची वाढ सहज करते आणि कागदावर समुद्र एका अंशाने तापतो. सिंधू, नर्मदा, तापी यांनी आणलेली माती आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर पडलेली आहे, त्यामुळे इथे ही चूक जास्त संभवते.

म्हणून सफाईवर इतका वेळ जातो. कवचे दोन काचपट्ट्यांमध्ये हलकी दाबून कप्पे उघडतात, भुकटी करत नाहीत. मग अतिशुद्ध पाण्यात अल्ट्रासोनिक कंपनाखाली पुन्हा पुन्हा धुतात. पाण्याला दुधी छटा असेपर्यंत माती निघते आहे असे समजायचे. त्यानंतर मिथेनॉल; ते पाण्यापेक्षा कमी चिकट असल्यामुळे मातीचे उरलेले कण सोडवते. सेंद्रिय अंश काढायला अल्कलीत मिसळलेले हायड्रोजन पेरॉक्साइड गरम पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटे. शेवटी अत्यंत विरल नायट्रिक आम्लात काही सेकंद. हे शेवटचे पाऊल लांबले की कवचच विरघळू लागते. सफाई झाली की नाही हे ॲल्युमिनियम आणि लोह मोजून कळते, कारण शुद्ध कवचात ती जवळपास नसतात. ज्या अभ्यासात हे आकडे दिलेले नाहीत, त्यातल्या तापमानावर आम्ही तरी विसंबणार नाही.

एक दुखणे समुद्रतळावरच होते. खोल पाणी चुना विरघळवते, आणि कवचातला मॅग्नेशियमने समृद्ध भाग आधी जातो. उरलेल्या कवचावरून तापमान काढले की ते खऱ्यापेक्षा कमी येते. दुसरे दुखणे जहाज परतल्यावर. कमी ऑक्सिजनच्या चिखलात लोहाचा सल्फाइड असतो; गाभा, म्हणजे तळातून नळीने काढलेला गाळाचा लांब दंड, कपाटात पडून राहिला आणि हवा लागली की त्या सल्फाइडचे आम्ल बनते, ते कवचे खाते आणि जिप्समचे चकचकीत स्फटिक उगवतात. असा गाभा वर्षानुवर्षे तसाच ठेवून मग त्यातून तापमान काढणे व्यर्थ आहे. तो लवकर धुऊन, वाळवून ठेवायला हवा. या कामाला पैसे आणि माणसे मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे, आणि त्यावर कोणी बातमी करत नाही.

ऑक्सिजनची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. थंड पाण्यात बनलेल्या कवचात जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१८, जास्त बसतो. एका अंशामागे बदल सुमारे ०.२२ प्रति हजार. चेझारे एमिलियानी यांनी १९५५ साली यावरूनच हिमयुगांतल्या समुद्राचे तापमान मांडले. पण जमिनीवरचे बर्फाचे थर वाढले की हलका ऑक्सिजन बर्फात अडकतो आणि समुद्राचे पाणीच जड होते. निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ साली दाखवले की तळावरच्या, आधीच गोठणबिंदूजवळच्या पाण्यात राहणाऱ्या जातींतही जवळपास तेवढाच बदल दिसतो. तळाचे पाणी आणखी इतके थंड होऊ शकत नाही, म्हणजे बदलाचा मोठा वाटा बर्फाचा. शेवटच्या हिमयुगाच्या शिखरावर हा वाटा सुमारे १ प्रति हजार होता. तो वजा करायचे विसरलात तर साडेचार अंशांची खोटी थंडी पदरात पडते. आज एकाच कवच-नमुन्यात दोन्ही मोजतात: मॅग्नेशियमवरून तापमान, ते वजा करून ऑक्सिजनवरून पाण्याचा खारटपणा आणि बर्फ.

उरलेला हा खारटपणाही आपल्या उपयोगाचा. कराचीसमोरच्या सिंधूच्या मुखाजवळच्या ३१६ मीटर खोलीवरच्या गाळातील रुबरवरून मायकेल स्टाउबवासर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली सांगितले की सुमारे ४२०० वर्षांपूर्वी सिंधूचे पाणी कमी झाले. सिंधू संस्कृतीच्या ऱ्हासाच्या चर्चेत हा अभ्यास नेहमी येतो. पण तिथे ऑक्सिजनचा आकडा नदीच्या पाण्याचा पुरावा म्हणून वापरला आहे, तापमानाचा नव्हे. एकाच मोजमापातून दोन अर्थ निघतात, आणि कोणता अर्थ लावला हे बातमीत लिहिलेच पाहिजे.

तसेच ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’ या जातीचे. ही मुळात थंड पाण्यातली. ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्याजवळ नैर्ऋत्य वाऱ्यांनी खालचे थंड, पोषक पाणी वर येते म्हणून ती अरबी समुद्रात सापडते. तिची टक्केवारी वाढली म्हणजे वारे जोरदार होते. त्यावरून ‘मान्सून प्रबळ होता’ म्हणता येते, पण ‘मराठवाड्यात पाऊस जास्त पडला’ हे त्यातून निघत नाही. वारा आणि पाऊस बहुतेक वेळा एकत्र चालतात, नेहमी नाही.

सगळ्यात मोठी गल्लत मात्र काळाची होते. खुल्या समुद्रात हजार वर्षांत दोन-अडीच सेंटिमीटर गाळ साचतो. अडीच धरला तर एक सेंटिमीटरचा नमुना म्हणजे ४०० वर्षे. शिवाय तळावरचे किडे वरचा आठेक सेंटिमीटर गाळ सतत उलथापालथ करतात. त्यामुळे निवडलेली तीस कवचे सुमारे तीन हजार वर्षांत विखुरलेल्या तीस वेगवेगळ्या आठवड्यांतली असू शकतात. त्यांच्या सरासरीत कोणतेही एक उष्ण दशक शोधणे अशक्य आहे. म्हणून ‘त्या काळीही समुद्र एवढा तापला होता, मग आताचे काय?’ असे गाळाच्या एका बिंदूवरून म्हणता येत नाही, आणि ‘असा वेग कधीच नव्हता’ असेही त्याच बिंदूवरून ठासून सांगता येत नाही. जिथे ऑक्सिजन इतका कमी की किडे राहतच नाहीत, जसे पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोर, तिथे गाळाचे थर न ढवळता टिकतात आणि बारीक काळ वाचता येतो. सिंधूवरचा तो अभ्यास तिथलाच, हे उगाच नाही.

वयाचाही प्रश्न राहतो. कार्बन-१४ ने (काळाबरोबर घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनने) वय काढताना समुद्राचे पाणी स्वतःच ‘जुने’ असल्यामुळे सुमारे ४०० वर्षे वजा करावी लागतात. जिथे खोल पाणी वर येते तिथे हा आकडा आणखी वाढतो. पन्नास हजार वर्षांपलीकडे ही पद्धत संपते.

उष्ण कटिबंधातला समुद्र हिमयुगाच्या शिखरावर किती थंड होता? २००९ साली जगभरच्या गाळांवरून काढलेल्या एका मोठ्या आढाव्यात उत्तर आले १.७ अंश, त्रुटी अधिक-उणे १ अंश. वृत्तपत्रात यातला १.७ छापला जातो आणि ‘अधिक-उणे १’ गळतो. मग उद्या दुसऱ्या पद्धतीने अडीच अंश आले की ‘शास्त्रज्ञांनी मत बदलले’ असे म्हणायला लोक मोकळे. वास्तविक दोन्ही उत्तरे एकाच पट्ट्यात आहेत.

आमची मागणी एवढीच: गाळावरून काढलेल्या तापमानाची बातमी छापताना कोणत्या जातीचे कवच, मॅग्नेशियम की ऑक्सिजन, त्रुटी किती, आणि एक बिंदू किती वर्षांची सरासरी, या चार गोष्टी एका ओळीत द्याव्यात. संशोधकाला फोनवर हे विचारले तर तो दोन मिनिटांत सांगेल, कारण हेच त्याचे रोजचे काम आहे. २०१५ साली ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या समुद्रतळ खोदणाऱ्या संशोधन जहाजाने अरबी समुद्राच्या तळाशी असलेल्या लक्ष्मी खोऱ्यात छिद्रे घेतली. त्या मोहिमेचे एक सहप्रमुख गोव्याच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातले होते, आणि ते गाभे आता जपानमधल्या कोची येथील संग्रहात आहेत (केरळातल्या नव्हे). दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही फोरॅमिनिफेरावर अनेक वर्षे काम चालू आहे. बातमीदाराला प्रश्न विचारायला माणसे आपल्या दारातच आहेत.

आपले,
सागरी गाळाचा अभ्यास करणारे काही वाचक,
गोवा