एळा पडलं त्या वर्षाबद्दल

डिचोली, गोवा

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार. "ओल्ड गोव्यात चर्चेसशिवाय बघायचं काय?" असं तू लिहिलंस. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच बोलतोस.

चर्चेसच्या आधी तिथं एळा होतं, आदिलशाहीचं भरभराटीचं बंदर. 1510 या एका वर्षात ते तीनदा या हातातून त्या हातात गेलं. उन्हाळ्याच्या तोंडावर पोर्तुगीजांचा सरदार आल्बुकर्क फारसा न लढताच आत शिरला. मे महिन्यात विजापूरच्या फौजेनं त्याला हुसकावलं, पण तोवर पाऊस लागलेला. मांडवीच्या मुखाशी दर्या खवळलेला, गलबतं बाहेर निघेनात. अख्खा पावसाळा जवळजवळ नदीतच अडकून काढला त्यानं. (आपला पाऊस कळायला एक हंगाम पुरला, पुढच्या वेळी तो नोव्हेंबरात आला.)

25 नोव्हेंबरला शहर पडलं. मग चार दिवस कत्तल. मुसलमान बायामाणसं मिळून 6000 मारली, असं त्यानं स्वतःच पोर्तुगालच्या राजा मानुएलला कळवलंय. शेतकरी आणि ब्राह्मण तेवढे सोडायला सांगितले होते. तो दिवस सेंट कॅथरिनचा, म्हणून से कॅथेड्रल तिच्या नावाचं. तू त्या कॅथेड्रलसमोर फोटो काढलास ना, ती शहर पडल्याचीच खूण.

मला छळतो तो तिमोजा. होनावरकडचा दर्यावर्दी, गोव्यावर चाल कर म्हणून आल्बुकर्कला सांगणारा. इथं बरेच जण त्याला सरळ फितूर ठरवतात. माझी जीभ तेवढी वळत नाही. बहामनींनी दिवाडी बेटावरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ मोडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्यानं ते परत उभारलं, मग पुन्हा बहामनी, मग विजापूर. एवढे धनी येऊन गेलेले पाहिल्यावर हाही जाईल, असंच कुणालाही वाटलं असणार. हा पोर्तुगीज धनी मात्र 451 वर्षं राहिला. तीस वर्षांतच, 1540 मध्ये, तिसवाडीतली, म्हणजे एळा-दिवाडीच्या या भागातली, देवळं पाडली गेली. सप्तकोटेश्वर नदी ओलांडून नार्व्याला आला, आणि तिथलं देऊळ 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी बांधवून घेतलं.

डिसेंबरात ये. सेंट काजेतान चर्चच्या आवारात आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा तेवढा उभा आहे, तो आधी दाखवतो. मग फेरीबोटीनं दिवाडी, तिथून दुसऱ्या फेरीनं नार्वे, जेवायला घरीच. शनिवार-रविवार टाळ, पर्यटकांची झुंबड असते. वहिनींना नमस्कार, आणि त्यांनाही घेऊन ये.

तुझा,
श्रीपाद