शंभराव्या रस्त्यावरच्या काकांना, आईतर्फे

प्रिय काका,

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड ड्राइव्हवर, शंभराव्या रस्त्यापाशी, एक म्हातारी बाई अग्निशमन स्मारकाच्या पायऱ्यांवर धाप लागून मध्येच थांबली होती. तुम्ही उतरत होतात. तिच्या कोपराला हात दिलात आणि तिच्याबरोबर पुन्हा वर चढून आलात. ती माझी आई. मी तेव्हा ‘थँक यू’ म्हटलं होतं, पण आईचं त्याने समाधान झालं नाही. ‘आपल्या भाषेत लिही, आणि नीट लिही,’ असं तिने मुंबईला परत जाताना विमानतळावरही मला बजावलं. म्हणून हे पत्र.

माझे वडील मुंबई अग्निशमन दलात होते. भायखळ्याच्या क्वार्टर्समध्ये आईने 28 वर्षं संसार केला. गेल्या वर्षी बाबा आजारपणात गेले आणि आईचं बोलणंच आटलं. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, काय झालं होतं, कधीपासून त्रास होता, कुठल्या डॉक्टरांचं औषध चालू होतं. ती तेवढ्यापुरतं उत्तर द्यायची. माझ्याकडे आल्यावरही रात्री बंबाचा भोंगा ऐकू आला की ती अंथरुणात उठून बसायची. आवाज लांब गेला की पुन्हा आडवी व्हायची.

तुम्ही वर बाकावर टेकलात, आपणही निवृत्त फायरमन असल्याचं सांगितलंत आणि विचारलंत, ‘कुठल्या स्टेशनला होते?’

काका, हा प्रश्न तिला वर्षभरात कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. आणि आई बोलायला लागली. मी दुभाषी म्हणून मध्ये बसले होते, पण माझी गरज निम्म्यानेच लागली. वर्दी आल्यावर अर्ध्या घासावरून उठलेलं ताट, धुराचा वास न जाणारे कपडे, हे तुम्हाला भाषांतराशिवाय कळत होतं.

मग तुम्ही आम्हाला स्मारक दाखवलंत. 1908 साली इथले डेप्युटी चीफ चार्ल्स क्रूगर आगीशी झुंजताना पाणी भरलेल्या तळघरात पडून मरण पावले, त्यांच्या अंत्यविधीत बिशप पॉटर यांनी अशा माणसांचं स्मारक शहरात हवं असा विषय काढला, लोकांनी वर्गणी दिली, आणि 5 सप्टेंबर 1913 ला हे उभं राहिलं. घोड्यांचा बंब आगीकडे दौडतोय, ते शिल्प आईने किती वेळ पाहिलं! एका बाजूला निष्प्राण जवानाला सावरणारी बाई आहे. तिच्यासमोर आई थांबली नाही. तुम्हीही थांबवलं नाहीत, ते मी पाहिलं.

‘कधीच न संपणाऱ्या युद्धातले सैनिक’ ही दगडावरची ओळ मी तिला मराठीत सांगितली. तेव्हा तिने तुम्हाला आमच्या 14 एप्रिल 1944 ची गोष्ट सांगितली. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा. आपले जवान पाणी मारत राहिले, आणि जहाज फुटलं. दलाचे 66 जण गेले. म्हणूनच भारतात 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. तुम्ही खिशातून लहानशी वही काढून त्यात 66 लिहिलंत, आणि 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात गेलेल्या आपल्या दलाच्या 343 जणांबद्दल एवढंच म्हणालात की त्या सप्टेंबरात इथे पाय ठेवायला जागा नव्हती, इतकी फुलं होती.

खाली फरशीत बसवलेली घोड्यांची पाटी तुम्ही दाखवली नसती तर आमच्या लक्षातच आली नसती. बंब ओढणाऱ्या घोड्यांसाठी ती 1927 मध्ये बसवली, हे ऐकून आईचा चेहरा उजळला. दसऱ्याला आमच्या स्टेशनवर बंब धुऊनपुसून झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात. बाबा त्या दिवशी पहाटे चारलाच उठायचे. आईने पर्समधून आदल्या दिवशीच्या तोरणातलं एक सुकलेलं फूल काढलं आणि पाटीवर ठेवलं. तुम्ही टोपी काढलीत.

त्या दिवशी कारंजं बंद होतं. निघताना आईने आपल्या बाटलीतलं पाणी कोरड्या कुंडात ओतलं. हे चालेल ना, असं तिने डोळ्यांनीच विचारलं. तुम्ही मान हलवलीत, आणि तुमच्याही बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलंत. दगडावर दोन ओघळ एकत्र होऊन खाली गेले.

घरी येताना बसमध्ये ती बाबांबद्दल बोलत होती. अजूनही बोलते. काल फोनवर तिने मला एक किस्सा सांगितला, तो मला या वयात पहिल्यांदा कळला.

तुमचा उजवा गुडघा दुखतो हे तिच्या लक्षात आलं होतं. तरी तुम्ही तिच्यासाठी त्या पायऱ्या दुसऱ्यांदा चढलात. तिळाचं तेल कोमट करून लावा, असा निरोप आहे. आणि कधी मुंबईला आलात तर भायखळ्याच्या मुख्यालयात ती स्वतः तुम्हाला घेऊन जाईल. शक्यतो 14 एप्रिलला या, म्हणते.

तुमची ऋणी,
त्या बाईंची मुलगी