उद्यमबागेतल्या काकांना, ज्यांनी आमच्या होडीला आवार दिलं

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्यासाठी आहे, पण चार लोकांनी वाचावं म्हणून उघडं लिहिते आहे. तुमचं नाव मात्र घालत नाही. "माझं काय त्यात, असू दे की," असं म्हणून तुम्ही रागवाल. बेळगावच्या उद्यमबागेतले लोक तसेही ओळखतीलच. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, मागच्या आवारात एक शिडाची होडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती आणि तिच्यात नवरा-बायको संसार करत होते, हे अनेकांनी पाहिलं आहे. ती होडी पुन्हा पाण्यात कुणामुळं गेली हे त्यांनाही कळावं, असं मला मनापासून वाटतं.

होडी गोव्यातच का दुरुस्त केली नाही, हे तिसऱ्या रेल्वे गेटापासून मच्छेपर्यंत प्रत्येकानं विचारलं. तुम्ही विचारलं नाहीत. फोड आलेला तळ बघून तुम्हीच म्हणालात, "खाली गोव्यात हे वाळणार कधी?" जुन्या फायबरच्या होडीचं मुख्य दुखणं हेच. वर्षानुवर्षं पाण्यात राहिली की वरच्या जेलकोटातून, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थरातून, पाणी आत झिरपतं, पॉलिस्टर रेझिनमध्ये मुरतं आणि तळाला फोड धरतात. एक फोड टोचला तर आतून चिकट पाणी येतं, त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास असतो. जेलकोट सोलायचा, तळ गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचा आणि मग कोरडा होईपर्यंत थांबायचं. त्याआधी इपॉक्सीचा पाणी अडवणारा लेप चढवला तर ओल आतच कोंडते आणि फोड परत येतात. किनाऱ्यावर हवेतच पाणी असतं. आपल्याकडं दिवाळी झाली की हवा कोरडी होत जाते, फेब्रुवारी-मार्चात तर ओठ फुटतात. या कोरड्या हवेसाठी आम्ही अनमोड घाटानं ट्रेलर वर आणला होता.

हवा मिळाली, जागा मात्र मिळेना. कुणी भाडं परवडणार नाही असं सांगितलं, कुणी रात्री राहायचं नाही अशी अट घातली. आम्हाला तर राहायचंच होतं, कारण घरभाड्याचे पैसे वाचले तरच इपॉक्सीचे डबे येणार होते. तुम्ही आवार दाखवलंत, मीटर वेगळा लावलात आणि विजेपलीकडं एक रुपया घेतला नाहीत.

होडी बघायला येणारे हसायचे, तेव्हा तुम्ही त्यांना चहा पाजून लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगायचात. याच बेळगावात त्यांचं सायकलींचं दुकान होतं. इथंच त्यांनी लोखंडी नांगर करायला घेतला आणि लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. पुढं त्यांना इथली जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. "जागेपायी आपल्या गावातनं एक माणूस गेला. आता कोण काय करत असेल तर त्याला जागा तेवढी द्यायची," असं तुम्ही म्हणायचात. ते तुम्ही आलेल्या माणसाला सांगायचात, पण शिडीवर उभी राहून मीही ऐकत असे.

त्या आवारातले दिवस सोपे नव्हते. सिंकला निचरा नाही म्हणून बादली. रात्री बाथरूमला जायचं तर शिडी उतरून मोल्डिंग शॉपच्या कडेनं चालत जायचं, आणि त्या दाराची किल्ली तुम्ही पहिल्याच दिवशी आमच्या हातात दिली होतीत. भट्टी लागायची त्या दिवशी होडीच्या आत बसवत नसे, आणि वाळूची बारीक पूड अंथरुणापासून पिठाच्या डब्यापर्यंत पोचायची. काकूंचा डबा नसता तर आम्ही काय खाल्लं असतं कोण जाणे. भाकरी, भरली वांगी आणि ती शेंगाचटणी. त्यांनी डब्याचा हिशेब कधी ठेवला नाही, आणि मी विचारला तेव्हा "सून असतीस तर विचारलं असतंस काय?" एवढंच म्हणाल्या.

पण खरे आभार मानायचे आहेत ते कीलच्या दिवसाबद्दल. कील म्हणजे होडीच्या तळाला बसवलेलं बिडाचं, ओतीव लोखंडाचं वजन. वारा शिडाला एका अंगाला दाबतो तेव्हा तेच होडीला उलटू देत नाही. आमचा कील सुमारे नऊशे किलोचा, स्टेनलेसच्या स्टडवर, म्हणजे आट्यांच्या दांड्यांवर, टांगलेला. आतून बघितलं तर नट चकचकीत होते, म्हणून कील उतरवायचा की नाही यावर आमचे दोन दिवस खल चालले होते. तुम्ही हातोडी घेऊन आलात, बुटक्या स्टुलावर बसलात आणि टोकापासून टोकापर्यंत बीड वाजवत गेलात. बाकी सगळीकडं खणखणीत आवाज आला, मागच्या स्टडपाशी तो भद्द झाला. तुम्ही खिशातला चाकू काढून तिथं ओरखडा काढलात आणि काळी भुकटी खाली पडली. खाऱ्या पाण्यानं बिडातलं लोखंड खाऊन टाकलं होतं, उरलं होतं ते नुसतं ग्रॅफाइट. "वरचं सोड, जोडात काय आहे ते बघायचं," म्हणालात आणि हायड्रा क्रेन मागवलात.

कील खाली आला तेव्हा सांध्यातले स्टड कंबरेत बारीक झालेले दिसले. स्टेनलेस हवेत टिकतं, कारण ऑक्सिजन मिळाला की त्याच्यावरचा पातळ संरक्षक थर स्वतःच भरून निघतो. ओल्या, बंद फटीत ऑक्सिजन पोचत नाही आणि तिथं ते गुपचूप गळतं. हे मी आता लिहू शकते. त्या दिवशी माझे हातपाय गार पडले होते, कारण त्या होडीतनं आम्ही गोव्याबाहेर जायचं ठरवत होतो. तुम्ही काही बोलला नाहीत. तुमच्याच शॉट ब्लास्टिंगवर कील साफ करून घेतलात, खराब बीड निघेल तेवढं काढलंत आणि हवेनं गंज धरायच्या आत, त्याच दुपारी प्रायमर मारायला लावलात. नवे स्टड खाऱ्या पाण्यात जास्त टिकणाऱ्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचेच हवेत म्हणून बारचं टेस्ट सर्टिफिकेट मागितलंत. लेथवरच्या अण्णांनी त्यांचे आटे असे कापले की नट बोटानं शेवटपर्यंत गेला. अण्णा कन्नडमध्ये सांगायचे, आम्ही मराठीत विचारायचो, आणि मापं दोघांनाही कळत होती. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

सुकाणूच्या पितळी बुशाचं तेच झालं. जस्त निघून जाऊन पितळ गुलाबी पडलं होतं, पान्यानं दाबताच त्याचे तुकडे झाले. तुम्ही गनमेटल, म्हणजे मुख्यतः तांबं-कथलाचा मिश्रधातू, ओतून नवा बुश करून दिलात.

वाळवण्याच्या बाबतीत तुमच्याइतका कडक माणूस मी पाहिला नाही. फौंड्रीत कोअर, म्हणजे साच्यातला वाळूचा गाभा, ओला राहिला तर तापलेला रस आत जाताना वाफ होते आणि कास्टिंग फुकट जातं, कधी माणूस भाजतो. आयुष्यभर ओलीशी वैर केलेले तुम्ही आमच्या तळावर प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटवायला लावायचात आणि दुपारी उन्हानंतर येऊन बघायचात. आत वाफेचे थेंब धरले की "अजून नाही" म्हणून निघून जायचात. मार्च गेला. तुम्हाला ती जागा कास्टिंग ठेवायला लागत होती हे आम्हाला दिसत होतं, आणि तरी तुम्हीच आम्हाला थांबवत होता.

मग एप्रिलमधली ती संध्याकाळ. तळ पहिल्यांदाच कोरडा दिसला होता, सकाळी इपॉक्सी लावायचं ठरलं होतं, आणि वळवाचे ढग चढून आले. आमची ताडपत्री पहिल्याच वाऱ्यात फाटली. तुम्ही घरून स्कूटरवर आलात, दोन पोरांना हाक मारलीत आणि पॅटर्न शॉपच्या छपरावरची मोठी ताडपत्री काढून होडीवर ओढलीत. ते छप्पर गळतं हे सगळ्यांना माहीत होतं. तुमचे सागवानी पॅटर्न, म्हणजे ज्यांवरून वाळूत साचे पाडतात ते नमुने, ज्यातला एकेक करायला महिना लागतो, ते गारांच्या आवाजात आपण सगळ्यांनी छातीशी धरून ऑफिसात नेले. सगळे बचावले असतील अशी मी अजून आशा धरून आहे. तुम्ही त्याबद्दल कधी बोलला नाहीत.

सकाळी तुम्ही तळावर हात फिरवलात आणि म्हणालात, "लाव आता." त्यानंतरचं काम भराभर झालं. इपॉक्सीचे थर, दोन थरांमधला मेणचट लेप पाण्यानं धुणं, डेकखालची कुजलेली प्लाय काढून आयएस ७१० मानकाची मरीन प्लाय घालणं. पहिला जोराचा पाऊस यायच्या आत होडी बंद झाली आणि पावसाळाभर आम्ही आतलं काम केलं.

काका, होडी आता मांडवीत आहे. पाण्यात उतरवल्यावर फळी उचलून मी कीलचा प्रत्येक नट बोटानं तपासला. कोरडा. सुकाणूचा बुशही कोरडा. हे तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही "बरं झालं" म्हणून कामगारांच्या बोनसबद्दल बोलायला लागलात, म्हणून इथं परत सांगते आहे.

यंदा दिवाळीनंतर काकूंना घेऊन या. पहाटे निघालात तर जेवणाच्या वेळेला पोचाल. काकूंसाठी चढायला कठड्याची शिडी केली आहे, आणि अण्णांना सुट्टी देता आली तर त्यांनाही आणा. सकाळी वारा मंद असतो, तेव्हा मिरामारच्या बाजूला एक फेरी मारून येऊ. सुकाणू तुमच्या हातात देणार आहोत. येताना हातोडी आणा. वर्षाला एकदा बीड वाजवून बघायचं असं तुम्हीच सांगितलं होतं, आणि होडी वर काढायची तारीख तुम्हाला विचारूनच ठरवू.

तुमची,
होडीतली सून