पीसीओएस : मनाची विचारपूस कधी?

महोदय,
पीसीओएसचे, म्हणजे स्त्रियांमधील संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) असंतुलनाच्या विकाराचे, निदान झाले की पाळी, वजन, सोनोग्राफी यांवर बोलणे होते; झोप लागते का, कशात मन रमते का, हे क्वचितच कुणी विचारते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी तर निदानाच्या वेळीच प्रत्येक स्त्रीची, किशोरवयीन मुलींचीसुद्धा, नैराश्य व चिंतेसाठी तपासणी करावी, असे स्पष्ट सांगितले आहे. हनुवटीवरचे केस, मुरुमे, मूल होईल की नाही ही धास्ती, हे सारे रोजचेच. त्यावर ‘आधी वजन कमी करा’ एवढाच सल्ला (तोही बहुधा तुटकपणे) मिळाला, तर पुढच्या तपासणीला जावेसे कुणाला वाटेल? नैराश्य-चिंतेच्या तपासणीची छोटीशी प्रश्नावली भरून घ्यायला फार वेळ लागत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी ती पहिल्याच भेटीत द्यावी आणि गरज दिसल्यास समुपदेशकाकडे पाठवावे.
– एक वाचक