लिस्बनच्या त्या बाईंना, अण्णांकडून आणि माझ्याकडून

आदरणीय बाई,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. लिस्बनच्या राष्ट्रीय आझुलेजू संग्रहालयात, म्हणजे पोर्तुगीज रंगीत लाद्यांच्या संग्रहालयात, तुम्ही देखरेखीला होतात. माझे वडील भिंतीला नाक लागेल इतके वाकून चित्राऐवजी सांधे बघत होते. तुम्ही उठून आलात आणि त्यांना काय दिसलं ते विचारलंत. मी सांगितलं, "अण्णांनी मुंबईत 36 वर्षं लादी बसवली आहे." त्यानंतरचा दीड तास तुम्ही त्यांना दिलात.

एका लादीकडे बघून अण्णा म्हणाले, "साडेपाच इंच." तुम्ही हसून मान डोलावलीत, साधारण 14 सेंटिमीटरच. मग तुम्ही त्यांना टाइल कशी घडते ते दाखवणाऱ्या कपाटापाशी नेलंत. आधी भाजलेली कोरी माती, तिच्यावर कथलाची पांढरी झिलई, त्या कच्च्या झिलईवर कोबाल्टचा निळा रंग, आणि पुन्हा भट्टी. झिलई रंग लगेच शोषून घेते, म्हणून ओढलेली रेघ पुसता येत नाही, हे ऐकून अण्णा बराच वेळ गप्प उभे होते. नक्षी उतरवायला कागदाला भोकं पाडून त्यावरून कोळशाची पूड फिरवायची, हे तुम्ही हातवारे करून सांगितलंत. आमची आई भरतकामाचा खाका असाच उतरवायची! मोठ्या चित्राच्या लाद्यांना मागून अक्षरं नि आकडे घालतात, हे कळल्यावर तर अण्णांनी तुमचा हातच धरला. नक्षीच्या लाद्यांना तेही मागून खडूने नंबर घालत. मी दुभाषी होते, पण तुम्हा दोघांना माझी गरज कमीच पडत होती.

चर्चमधल्या वेदीच्या दर्शनी भागासाठी केलेल्या त्या फलकांवरचे पक्षी आणि वेली हिंदुस्थानातून गेलेल्या छापील कापडांवरून आल्या, हेही तुम्हीच सांगितलंत. अण्णा म्हणाले, "म्हणजे आपलं कापड इथे भिंतीवर बसलं."

वरच्या मजल्यावर लाद्यांवरच्या लिस्बन शहराच्या त्या लांबलचक चित्रापाशी तुम्ही त्यांच्यासाठी खुर्ची आणलीत. त्यांचे गुडघे आयुष्यभर जमिनीवर टेकून झिजले आहेत, ते तुम्हाला न सांगता कळलं. सुमारे 23 मीटर लांब, 1700च्या आसपासचं, आणि त्यातलं बरंचसं शहर 1755च्या भूकंपात गेलेलं. राजवाडा, घाट, गलबतं तुम्ही एकेक करून दाखवलीत. जे शहर पडलं ते लाद्यांवर उरलं, हे अण्णांनी नंतर घरी किती जणांना सांगितलं, मोजलं नाही.

माझ्या वडिलांना लोकांनी मजुरी दिली, चहा दिला, क्वचित शाबासकीही. पण कारागीर म्हणून त्यांच्याशी त्यांच्या कामाबद्दल इतका वेळ बोललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यासाठी तुमचे आभार, मनापासून.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पणजीला गेलो होतो. तिथे मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासू यांनी रंगवलेल्या 1935च्या निळ्या टाइल्स आहेत. अण्णा भाच्याला भिंतीजवळ घेऊन गेले आणि म्हणाले, "चित्र मग बघ. आधी सांधा बघ, कसा सुतात आहे. आणि ह्याच्या मागे नंबर असणार. लिस्बनच्या बाईंनी सांगितलंय."

आपली,
अण्णांची मुलगी